छोट्या पाणबुडीतला ऑक्सिजन : सबनॉटिका खेळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सबनॉटिका या समुद्राखाली जगून दाखवायच्या व्हिडिओ गेममध्ये पहिली सीमॉथ, म्हणजे एका माणसाची छोटी पाणबुडी, तयार झाली की वाटतं, चला, दम संपायची कटकट मिटली. मग दोन-तीन तासांत माणूस पुन्हा गुदमरून मरतो, आणि तेही पाणबुडीत बसून नव्हे, तर पाणबुडीपासून तीस-चाळीस मीटरवर. खालची बरीचशी उत्तरं त्या तीस-चाळीस मीटरांबद्दलच आहेत. आकडे मूळ सबनॉटिकाचे, म्हणजे जानेवारी २०१८ मध्ये पूर्ण स्वरूपात आलेल्या गेमचे. ‘बिलो झीरो’ या पुढच्या गेमबद्दल शेवटाकडे थोडं वेगळं लिहिलंय.

सीमॉथमध्ये ऑक्सिजन किती असतो?

असा साठाच नसतो. सीमॉथला ऑक्सिजनची टाकी नाही, म्हणून तिच्या पडद्यावर तसा आकडाही नाही. तिथे दिसतो तो चार्ज, बॉडीची अवस्था, खोली आणि तापमान. पॉवर सेलमध्ये चार्ज आहे तोवर पाणबुडी तुम्हाला हवा पुरवते आणि तुमच्या पाठीवरची टाकीही भरून देते. आत शिरताच डाव्या कोपऱ्यातलं निळं वर्तुळ भराभर वर चढताना दिसतं, ते त्याचमुळे.

म्हणून सीमॉथमध्ये बसल्यावर ऑक्सिजन किती उरला हे विचारायचं नाही, चार्ज किती उरला हे बघायचं. एवढं डोक्यात बसलं की पुढच्या निम्म्या शंका आपोआप सुटतात.

एक पॉवर सेल किती वेळ पुरतो?

साध्या पॉवर सेलमध्ये २०० एकक ऊर्जा असते. सीमॉथमध्ये असा एकच सेल बसतो. खेळात पुढे गेल्यावर आयन पॉवर सेल मिळतो, त्यात १,००० एकक, म्हणजे पाचपट.

वेळ मात्र मिनिटांत सांगता येत नाही, कारण चार्ज कशावर जातो ते तुमच्या चालवण्यावर ठरतं. हवेसाठी लागणारी वीज फारच थोडी. खरं खातं ते इंजिन. एका जागी उभं राहून नकाशा आठवत बसलात तर सेल बराच वेळ टिकतो, आणि उगाच इकडून तिकडे भटकलात तर बघता बघता निम्मा होतो. त्यात सोनार लावला असेल तर प्रत्येक वेळी तो वाजवताना चार्ज जातो. मोठ्या माशाने पकडल्यावर विजेचा झटका देणारं संरक्षण मॉड्यूलही त्याच सेलवर चालतं. म्हणजे रीपर या प्रचंड शिकारी प्राण्याला झटका देताना तुम्ही पुढच्या श्वासातलाच थोडा हिस्सा त्याच्यावर उधळत असता. द्यावाच लागतो, पण हिशेबात धरा.

इंजिनाची कार्यक्षमता वाढवणारं मॉड्यूल सीमॉथला आणि प्रॉन सूटलाही (आत बसून चालवायचं हातपाय असलेलं यंत्र) बसतं. सीमॉथला एकूण चार जागा असतात, त्यातली एक खोलीच्या मॉड्यूलला जाते. उरलेल्या तीनांपैकी एक मी नेहमी या मॉड्यूलला देतो. सामान ठेवायचा जादा कप्पा त्यानंतर.

चार्ज शून्य झाला की पाणबुडीत बसल्या बसल्या मरतो का?

लगेच नाही. सीमॉथ थांबते, तिची हवा बंद होते, आणि तुमची स्वतःची टाकी संपायला लागते. बाहेर पोहताना संपते तशीच. म्हणजे बंद पडलेली सीमॉथ ही फक्त काचेची खोली, तिच्यात बसून काही फायदा नाही.

जवळ भरलेला सेल असेल तर बाहेर या, मागच्या बाजूला जा, झाकण उघडा, जुना सेल काढून नवा घाला, पुन्हा आत शिरा. सराव असेल तर पाच-सहा सेकंदांचं काम. पण ते पहिल्यांदा अंधारात, ४०० मीटरवर, मागे काहीतरी गुरगुरत असताना करू नका. घरच्या उथळ पाण्यात एकदा सेल काढून घालून बघा. हाताला झाकणाची जागा कळली पाहिजे.

जादा सेल किती न्यावेत?

लांबच्या फेरीला एक, गुहांच्या फेरीला दोन. त्याहून जास्त नेणारे लोक परत येताना बॅगेत जागा नाही म्हणून टायटॅनियम फेकताना मी पाहिलेत.

सेल करायला २ बॅटऱ्या आणि १ सिलिकॉन रबर लागतं, आणि बॅटरी म्हणजे २ अॅसिड मशरूम नि १ तांब्याचा खडा. रबर क्रीपव्हाइनच्या चमकणाऱ्या बियांपासून होतं. सगळा माल सुरुवातीच्या उथळ पाण्यात आणि त्याला लागून असलेल्या केल्पच्या रानात मिळतो. ‘सेल नव्हता’ ही सबब चालत नाही.

पाणबुडी आहे, मग मोठी टाकी कशाला?

कारण या खेळातली जवळपास प्रत्येक कामाची गोष्ट पाणबुडीच्या बाहेर आहे. सीमॉथला हात नाहीत. खडक फोडायला, तुकडे स्कॅन करायला, दार कापायला, बी तोडायला तुम्हालाच उतरावं लागतं. पाणबुडी तुम्हाला दारापर्यंत नेते. दारातून पुढे तुम्ही आणि तुमची टाकी.

टाकी नसताना दम ४५ सेकंदांचा. साधी टाकी त्यात ३० सेकंद घालते, एकूण ७५. जास्त क्षमतेची टाकी ९० घालते, एकूण १३५. हलकी टाकी अल्ट्रापेक्षा बरीच कमी घालते. सगळ्यांत मोठी, अल्ट्रा क्षमतेची टाकी १८० घालते, एकूण २२५.

आकडे वाचून कोणीही म्हणेल, अल्ट्राच घ्या. पण टाकी जड असते आणि पोहण्याचा वेग खाते. हलकी टाकी वेग जवळजवळ खात नाही. सीमॉथ नेहमी शेजारी उभी असेल, म्हणजे वरचेवर परत शिरता येणार असेल, तर हलकी टाकी मला अल्ट्रापेक्षा सोयीची वाटते. या मतावर वाद घालणारे भरपूर आहेत. त्यांचं म्हणणं असं की रेकमध्ये, म्हणजे ऑरोरा या कोसळलेल्या अंतराळयानाच्या तुकड्यात, अडकल्यावर वेग कामाला येत नाही, सेकंद येतात. तेही खोटं नाही. मी रेकला अल्ट्रा लावतो आणि बाकी वेळी हलकी.

बॅगेत जादा टाकी ठेवून पाण्यात बदलता येते का?

येते. प्रत्येक टाकी आपला ऑक्सिजन आपल्यात जपून ठेवते, मात्र भरते ती अंगावर लावलेली असतानाच. म्हणजे बेसवर आधी एक लावून भरा, काढा, मग दुसरी लावून भरा. आणि अल्ट्रा टाकी नुसती बॅगेत असली तरी पोहण्याचा वेग चांगलाच पडतो, तेव्हा तीन-तीन टाक्या कोंबून कासवासारखं पोहण्यात हशील नाही.

१०० मीटरच्या खाली टाकी इतकी भराभर का संपते?

गेमचा नियम तसा आहे : १०० मीटरनंतर ऑक्सिजन जास्त वेगाने खर्च होतो, २०० नंतर त्याहूनही वेगाने. पडद्यावरचा आकडा तोच असतो, पण त्यातला एक सेकंद आता एक सेकंद राहत नाही. नवखे इथेच फसतात. ७५ वाचून ७५ सेकंद धरतात.

यावर उपाय एकच, रीब्रीदर. तो लावला की कितीही खोल गेलात तरी खर्च पृष्ठभागाजवळ असतो तेवढाच. सीमॉथ तयार झाली आणि रीब्रीदर नाही, ही सगळ्यांत धोक्याची अवस्था. पाणबुडी तुम्हाला सहज २०० मीटरवर नेऊन ठेवते आणि फुप्फुसं अजून पहिल्याच दिवसाची असतात.

हा नियम बनवणाऱ्यांनी हवेतून काढलेला नाही. खऱ्या समुद्रात दर १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो. १०० मीटरवर दाब अकरापट. साध्या टाकीने श्वास घेणारा पाणबुड्या तिथे प्रत्येक श्वासाला अकरापट वायू खर्च करतो, आणि उच्छ्वासाबरोबर तो सगळा बुडबुड्यांत वाया जातो. खरा रीब्रीदर तो उच्छ्वास परत फिरवतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि शरीराने जेवढा ऑक्सिजन वापरला तेवढाच घालतो. त्यामुळे खोलीचा फरक पडत नाही. गेमने आकडे सौम्य केलेत, तत्त्व तेच ठेवलंय.

पाणबुडीत मात्र खोलीने हवेचा खर्च वाढत नाही, कारण जाड बॉडीच्या आतला दाब बाहेरच्यासारखा वाढतच नाही. गेममध्येही ५० मीटरवरची सीमॉथ आणि ५०० मीटरवरची सीमॉथ हवेसाठी सारखीच वीज घेते.

रीब्रीदर लावला की रेडिएशनचं हेल्मेट काढावं लागतं. मग?

दोन्ही डोक्यावरच बसतात, एका वेळी एकच. ऑरोराचं इंजिन दुरुस्त होईपर्यंत जहाजाच्या आसपास हेल्मेट घाला, बाकी सगळीकडे रीब्रीदर. दुरुस्ती लवकर उरकली की हेल्मेट कपाटात कायमचं.

रेकमध्ये शिरताना ऑक्सिजनचा हिशेब कसा करायचा?

रेक म्हणजे ऑरोराचे समुद्रात विखुरलेले तुकडे. आत अंधार, वाकडे बोगदे, लेझर कटरने कापायची दारं, आणि दिशेचं भान पाच सेकंदांत उडवणारी उलटीसुलटी जमीन. गुदमरून मरायची याहून चांगली सोय खेळात नाही.

खऱ्या गुहांत उतरणारे पाणबुडे तिसऱ्या हिश्श्याचा नियम पाळतात : एक हिस्सा वायू आत जायला, एक परत यायला, एक अडचणीसाठी राखून. इथे तो जसाच्या तसा लागू पडतो. ७५ सेकंदांच्या टाकीत २५ सेकंद आत, म्हणजे आकडा ५० वर आला की वळायचं. १३५ असतील तर ९० वर, २२५ असतील तर १५० वर. समोर काय दिसतंय याचा प्रश्नच नाही.

मी हे शिकलो ते असं. गवताळ पठारावरच्या एका रेकच्या तोंडाशी सीमॉथ उभी केली, ७५ सेकंदांची टाकी, आत शिरलो. एक दार कापलं. कापायला वेळ लागतो आणि तो सगळा वेळ टाकी चालू असते, हे तेव्हा मनात आलं नाही. पुढच्या खोलीत डेटा बॉक्स दिसला, आकडा ४१. घेतला, वळलो, आणि ज्या भोकातून आलो ते भोक कुठेच दिसेना. सीमॉथचं चिन्ह मात्र पडद्यावर स्वच्छ दिसत होतं : ११ मीटर. मी त्या चिन्हाकडे पोहत सुटलो आणि सरळ लोखंडी भिंतीवर आपटलो. पुन्हा बाजूने. पुन्हा भिंत. पीडीएचा (खेळातल्या हातातल्या छोट्या संगणकाचा) आवाज ३० सेकंद राहिल्याचं सांगून गेला. पडदा काळा होत गेला तेव्हा चिन्ह म्हणत होतं ९ मीटर.

तेव्हापासून एक गोष्ट पक्की : ते चिन्ह अंतर सांगतं, वाट सांगत नाही. वाटेसाठी पाथफाइंडर हे साधन आहे. मागे चमकणाऱ्या चकत्या सोडत जायचं आणि परत येताना त्या धरून यायचं. लोक त्याला हसतात. मी चकत्या सोडतो. आणि दार कापायचं असेल तर ती फेरी फक्त कापण्यासाठीच करतो. कापलं, परत सीमॉथमध्ये, वर्तुळ पूर्ण भरलं, मग दुसऱ्या फेरीत आत. दार पळून जात नाही.

सीमॉथ उभी कुठे करावी?

शक्य तितकी तोंडाजवळ, पण तोंड अडेल इतकी जवळ नको. काचेची बाजू बाहेर. गुहेत असाल तर छताला टेकवू नका, वर-खाली सरकायला जागा ठेवा. आसपास काही आक्रमक फिरत असेल तर थोडी दूर ठेवलेली बरी, कारण बाहेर आल्यावर पाणबुडीच्या जागी तिचे तुकडे तरंगताना दिसले तर तुमची टाकी हाच एकमेव साठा उरतो.

वॉर्परने सीमॉथमधून बाहेर ओढलं. असं कसं?

वॉर्पर या प्राण्याचं तेच काम. तो गोळा फेकतो आणि तुम्हाला चालत्या पाणबुडीतून उचलून बाहेर पाण्यात टाकतो. सीमॉथ असो वा प्रॉन सूट, बॉडी कितीही मजबूत असली तरी उपयोग नाही.

याचा ऑक्सिजनशी संबंध असा की तुम्ही बाहेर पडायची तयारी केलेलीच नसते. रीब्रीदर बॅगेत, टाकी कपाटात, कारण ‘उतरायचंच नव्हतं’. म्हणून पाणबुडीत बसलात तरी पूर्ण सामान अंगावर असू द्या. बाहेर फेकलं गेल्यावर आधी पाणबुडीकडे वळा, वॉर्परकडे नंतर बघू.

खोलीच्या मर्यादेचा आणि ऑक्सिजनचा काय संबंध?

थेट नाही, पण शेवट एकच होतो. सीमॉथ मुळात २०० मीटरपर्यंत जाते, मॉड्यूलांनी ३००, ५०० आणि शेवटी ९००. मर्यादा ओलांडली की बॉडी चेपायला लागते, ठोके पडल्यासारखा आवाज येतो. फुटली की तुम्ही पाण्यात. म्हणजे ९०० मीटरवर, जिथे डोक्यावर बहुधा गुहेचं छत असतं, तुमच्या हातात २२५ सेकंद. नुसता भागाकार करा : सरळ वर जायला वाट असती तरी सेकंदाला ४ मीटर पोहायला हवं. लॉस्ट रिव्हर या खोल गुहांमधून सरळ वर जायला वाटच नाही.

प्रॉन सूट हवेच्या दृष्टीने बरा का?

बरा. दोन सेल बसतात, म्हणजे ४०० एकक. मूळ मर्यादा ९०० मीटर, वाढवून १,३०० आणि १,७००. त्याला हात आहेत, ड्रिल लावली तर मोठे साठे आतूनच फोडता येतात, म्हणजे बाहेर पडायच्या फेऱ्या कमी. उष्णतेवर चार्ज होणारं मॉड्यूल लावलं तर लाव्हाच्या भागात सेल परत भरत राहतो आणि हवेची चिंता जवळपास मिटते.

जवळपास म्हणालो, कारण तिथेच लाव्हा लार्व्हा असतात. जळवांसारख्या चिकटतात आणि चार्ज पितात. प्रॉनला चिकटतात, सायक्लॉप्स या मोठ्या पाणबुडीलाही. चार्जचा आकडा विनाकारण घसरताना दिसला तर आधी अंगावर काय बसलंय ते बघा.

सायक्लॉप्सची गोष्ट वेगळी का धरतात?

ती छोटी नाही म्हणून. ५४ मीटर लांब, सहा सेल, १,२०० एकक. पण छोट्या पाणबुडीवाल्यांनी तिच्याकडे फिरता तळ म्हणून बघावं. सीमॉथ किंवा प्रॉन तिच्या पोटात लावली की सायक्लॉप्सच्या सेलांमधून ती चार्ज होते. उलटं बघितलं तर, पोटातली प्रॉन भरताना आईचं रक्त कमी होतं. पूर्ण वेगाने इंजिन तापवलं तर आग लागते, ढाल आणि शांत चालण्याची सोय दोन्ही चार्ज खातात. आणि सहाही सेल संपले तर एवढ्या मोठ्या जहाजात चालता चालता तुमची पाठीवरची टाकी संपत जाते.

सायक्लॉप्स मूनपूलमध्ये, म्हणजे बेसमधल्या पाणबुडी लावायच्या जागेत, मावत नाही. तिचे सेल काढून चार्जरमध्ये लावावे लागतात. तेवढ्यासाठी सेलांचा एक जादा संच असू द्या.

मूनपूलमध्ये लावूनही सीमॉथ चार्ज होत नाही, आणि बेसमध्येही गुदमरायला होतं. काय बिघडलं?

बेसची वीज संपली. मूनपूल बेसच्या विजेवर चार्ज करतो, आणि बेसमधली हवाही विजेवरच चालते. रिकामी सीमॉथ लावली की ती तळाचा साठा ओढते, आणि सौर पॅनेल दोनच असतील नि रात्र असेल तर तुम्ही आत उभे असतानाच दिवे जातात. खोल पाण्यातल्या बेसवर सौर पॅनेल कुचकामी, तिथे बायोरिअॅक्टर किंवा उष्ण झऱ्याजवळ थर्मल प्लांट लावा.

सीमॉथला सौर चार्जर लावावा का?

उथळ पाण्यात, दिवसा, चांगला. खोल गुहांत तो नुसती एक जागा अडवून बसतो.

अजून पाणबुडीच नाही. तोवर काय?

तरंगता हवापंप आणि पाइप. पंप पृष्ठभागावर ठेवायचा, पाइप जोडत खाली न्यायचे, शेवटच्या तोंडातून बुडबुडे येतात, त्यात डोकं घातलं की टाकी भरते. वीज लागत नाही. ठरावीक एकाच जागी, म्हणजे एखाद्या गुहेच्या तोंडाशी, वारंवार काम असेल तर हे छान जमतं. उथळ पाण्यात ब्रेन कोरलही थांबून थांबून बुडबुडे सोडतं, ते गोळा करता येतात. पण त्याची वाट बघत बसण्याइतका दम उरलेला असेल तर सरळ वर या.

वर येताना थांबत थांबत यावं लागतं का?

गेममध्ये नाही. खऱ्या पाणबुड्याला असं न थांबता वर येणं महागात पडलं असतं.

हार्डकोअरमध्ये वेगळं काय?

जीव एकच, आणि ऑक्सिजन कमी झाल्याची सूचना नाही. पीडीए गप्प बसतो. त्यामुळे आकड्याकडे दर काही सेकंदांनी बघायची सवय आधी सर्व्हायव्हल मोडमध्ये लावून घ्या. सर्व्हायव्हलमध्ये मेलात तर शेवटच्या सुरक्षित जागी उठता, मधे गोळा केलेलं सामान जातं आणि सीमॉथ जिथे होती तिथेच उभी राहते. तिला आणायला पुन्हा टाकीवर पोहत जायचं असतं, हा त्यातला खरा त्रास.

बिलो झीरोमध्ये हेच नियम आहेत का?

मुळात तेच : चार्ज आहे तोवर हवा. २०२१ च्या त्या गेममध्ये सीमॉथऐवजी सीट्रक आहे. मूळ मर्यादा १५० मीटर, वाढवून ३००, ६५० आणि १,०००. मागे डबे जोडता येतात, जोडले की वेग कमी होतो. समुद्रतळाला ऑक्सिजन देणारी झाडं आहेत, त्यांच्या जागा लक्षात ठेवल्या तर लांबची पोहणी जमतात. बूस्टर टाकी मात्र जपून. ती वेग देते खरी, पण तुमचाच ऑक्सिजन जाळून. परतीच्या वाटेवर घाबरून ती दाबणं हे ठरलेलं मरण.

खऱ्या छोट्या पाणबुडीत असंच असतं का?

एका मोठ्या फरकासह. गेममध्ये चार्ज आहे म्हणजे श्वास आहे. खऱ्या पाणबुडीत ऑक्सिजन सिलिंडरमधून येतो, आणि त्याच्याइतकीच मोठी अडचण उच्छ्वासाची असते. माणसाला दिवसाला साधारण ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो आणि तो जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. तो लिथियम हायड्रॉक्साइड किंवा सोडा लाइमने शोषून घ्यावा लागतो. शोषला नाही तर ऑक्सिजन शिल्लक असतानाही माणूस बेशुद्ध पडतो. सबनॉटिकाने हा भाग सोडून दिलाय, आणि खेळ म्हणून ते ठीकच केलं. दोन वर्तुळं सांभाळत कोणी पोहलं नसतं.

याचं सगळ्यांत अंगावर येणारं उदाहरण पायसीस ३ चं. २९ ऑगस्ट १९७३ रोजी आयर्लंडजवळच्या अटलांटिकमध्ये टेलिफोनची केबल समुद्रतळात गाडण्याचं काम करणारी ही छोटी पाणबुडी सुमारे ४८० मीटर खोल तळाशी जाऊन पडली. सहा फूट व्यासाच्या लोखंडी गोळ्यात दोन माणसं. डुबकी घेतली तेव्हा ७२ तासांची जीवनरक्षक सोय होती. दोघे जवळजवळ न बोलता, न हलता, खालच्या जड हवेपासून शक्य तितके वर पडून राहिले. १ सप्टेंबरला वर काढलं तेव्हा ते ८४ तासांहून जास्त वेळ आत होते, आणि सिलिंडरमध्ये १२ मिनिटांचा ऑक्सिजन उरला होता.

गेममध्ये न हलता बसून टाकी जास्त टिकत नाही. सेल मात्र टिकतो.

क्रिएटिव्ह मोडमध्ये यातलं किती लागू पडतं?

काहीच नाही. तिथे ऑक्सिजनही संपत नाही आणि चार्जही. मजेत फिरा.